समोर विद्यापीठाचं बांधकाम सुरू होणार आहे, आधी काय करून ठेवावं?

गच्चीवरची

आमच्या गल्लीला लागून विद्यापीठाची भिंत आहे. भिंतीपलीकडे आजवर एक जुनं पटांगण होतं. तिथे आता सात मजली प्रयोगशाळेची इमारत आणि तिच्या पोटात दोन तळघरं येणार आहेत. सगळ्या मंजुऱ्या झाल्यात, म्हणजे "होऊ द्यायचं की नाही" हा प्रश्न संपला. (तो आम्हाला कुणी विचारलाही नव्हता, असो.) तीन वर्षं काम चालेल म्हणतात.

परवा विद्यापीठाने रहिवाशांची बैठक बोलावली. पडद्यावर सुंदर चित्रं होती. झाडं, बाकं, हसरी मुलं, आणि एकही ट्रक नाही. मग प्रश्नोत्तरं. धुळीचं काय? काळजी घेऊ. रात्री काम चालेल का? शक्यतो नाही. घराला तडे गेले तर? तसं काही होणार नाही. कुणीही कशालाच नाही म्हटलं नाही, आणि तरी रिकाम्या हातानेच बाहेर पडल्यासारखं वाटलं.

घरात सासूबाई आहेत, वय ८१, दमा आहे. शेजारची मुलगी नर्स आहे, तिची रात्रपाळी असते तेव्हा ती दिवसा झोपते. भांडण काढायची मला हौस नाही, विद्यापीठ शेजारी आहे म्हणून या भागाला कळाही आहे. पण काम सुरू व्हायच्या आधी काय काय पदरात पाडून घ्यावं, हे ज्यांनी भोगलंय किंवा जे स्वतः बांधकामात आहेत त्यांनी सांगावं.

धूळभेट

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे पुढच्या वर्षी वसतिगृह येतंय.

कोपऱ्यातला

मी आधीच सांगतो, काही होत नाही. कानात बोळे घाला, खिडक्या बंद ठेवा आणि दिवस मोजा. संस्था मोठी असली की तक्रारवही पण मोठी असते, एवढाच फरक.

ओळंबा

मी कुंपणाच्या आतला माणूस. २६ वर्षं साइटवर काढली, त्यात शिक्षणसंस्थांच्या इमारती चार. कोपऱ्यातला यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं सांगतो.

बैठकीत "हो हो" म्हणणारा माणूस विद्यापीठाचा असतो. साइटवर पोकलेन कधी सुरू करायचा हे ठरवणारा माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार त्या बैठकीला नव्हता, कारण बहुतेक तो अजून नेमलेलाच नाही. तो येईल तेव्हा त्याच्या हातात बैठकीची हकिगत नसेल, टेंडरची कागदपत्रं असतील. जे टेंडरमध्ये लिहिलंय ते तो करील, कारण त्याचे पैसे त्याने धरलेत. जे लिहिलेलं नाही ते "जादा बाब". त्याचा तो वेगळा दर मागणार, विद्यापीठ म्हणणार तरतूद नाही, आणि मधल्या मध्ये तुम्ही.

म्हणून पहिला प्रश्न: टेंडर निघालंय का? नसेल तर तुमच्या हातातले हे सगळ्यात मोलाचे आठवडे आहेत. तुमच्या मागण्या "अटी व शर्ती" म्हणून त्यात गेल्या, तर भाव भरणारे सगळेच त्यांची किंमत धरतील आणि कुणावरच वेगळा बोजा पडणार नाही. तीच मागणी काम सुरू झाल्यावर दहापट जड जाते.

गच्चीवरची

@ओळंबा, आजच फोन करून विचारलं. टेंडर दीड महिन्याने निघणार आहे! आता नेमकं काय लिहून द्यायचं तेवढं सांगा.

तडा

पूर्वपाहणी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

माझी हकिगत थोडक्यात. आमच्या मागे एका संस्थेची इमारत झाली, नाव घेत नाही. खोदाईच्या चौथ्या महिन्यात स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तिरका तडा आला. तक्रार केली. त्यांचा अभियंता आला, टॉर्च मारली आणि म्हणाला, "हा तर जुना दिसतोय, आत धूळ बसलीये." धूळ त्यांच्याच साइटची! पण माझ्याकडे "तडा आधी नव्हता" हे दाखवणारा एकही फोटो नव्हता. वाढदिवसाच्या फोटोंमध्ये ती भिंत शोधत दोन रात्री बसले. प्रत्येक फोटोत तिच्यासमोर कुणीतरी उभं.

तर काम सुरू होण्याआधी कुंपणापासून ठरावीक अंतरातल्या प्रत्येक घराची पाहणी व्हायला हवी. खर्च विद्यापीठाचा, पाहणारा अभियंता मात्र ठेकेदाराचा नको. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी, बाहेरून गिलावा, कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी. जिथे तडा आधीपासून आहे तिथे त्याच्या शेजारी मोजपट्टी धरून फोटो. आपले जुने तडे लपवू नका, ते नोंदले गेले तर नवे आपोआप उघडे पडतात. कुठली दारं घासतात, कुठली नीट लागतात तेही लिहून घ्या, कारण इमारत हलली की आधी दारं बोलतात. अहवालावर दोन्ही बाजूंच्या सह्या आणि एक प्रत तुमच्या कपाटात.

आणि मोठ्या तड्यांवर मापक पट्टी चिकटवून घ्या. दोन पारदर्शक तुकडे असतात, एकावर जाळी, दुसऱ्यावर फुली. तडा सरकला की फुली सरकते. दर महिन्याला फोटो काढायचा. काही तडे ऋतुमानाने उघडतात आणि मिटतात, त्यामुळे आधीचे पाच-सहा महिने हातात असले तर उत्तम.

ओळंबा

तडा ताईंना दंडवत. त्यात कंपनांची भर घालतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

जमिनीचं कंपन मिलिमीटर प्रतिसेकंद या वेगात मोजतात. घरात बसलेल्या माणसाला साधारण ०.३ ला ते जाणवायला लागतं. बीएस ५२२८ हे ब्रिटिश मानक म्हणतं की १ ला लोक तक्रार करतील, पण आधी सांगितलं असेल आणि कारण समजावलं असेल तर सहन करतील. १० म्हणजे असह्य. घराला इजा होण्याची गोष्ट त्याच्या बरीच वर आहे. जर्मन मानक डीआयएन ४१५० साध्या राहत्या घराच्या पायाशी कमी वारंवारतेच्या कंपनाला ५ पर्यंत मुभा देतं, नाजूक किंवा वारसा वास्तूला ३.

म्हणजे भांड्यांची खुळखुळ ऐकून तुमच्या पोटात गोळा येतो तेव्हा घर बहुधा सुखरूप असतं. पण "बहुधा" या शब्दावर तुम्ही का विसंबावं? म्हणून कंपनमापक तुमच्या घराच्या पायाशी बसवायला सांगा, त्यांच्या कार्यालयात नव्हे. धोक्याची पातळी ५ असेल तर ३ ला इशारा जावा आणि ५ ला काम थांबावं, असं टेंडरमध्ये शब्दांत लिहिलेलं हवं.

पायलिंगचा, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालण्याचा, प्रकारही आत्ताच ठरतो. हातोड्याने ठोकलेल्या पाइलला आवाज आणि हादरे दोन्ही जास्त, भोक पाडून ओतलेल्या पाइलला दोन्ही कमी. तळघरासाठी लोखंडी पट्ट्या रोवणार असतील तर त्या हादरे न देता दाबून बसवणारी यंत्रं आहेत. पहिलं जपानमध्ये १९७५ साली बनलं, म्हणजे हे काही नवलाचं तंत्र नाही. मात्र प्रत्येक जमिनीत चालतंच असं नाही, मध्ये कठीण खडक लागला तर आधी भोक पाडून घ्यावं लागतं. "ठोकून पायलिंग करणार नाही" हे एक वाक्य मिळालं तरी अर्धी लढाई जिंकलात.

दोन तळघरं म्हणजे उपसा आलाच. खड्डा कोरडा ठेवायला पाणी उपसतात, आजूबाजूची पाण्याची पातळी उतरते आणि चिकणमाती किंवा गाळाची जमीन असेल तर ती बसते. खोदाईने येणारे तडे पुष्कळदा हादऱ्याचे नसतात, या बसण्याचे असतात. ते हळू येतात, म्हणून नेमका दोष कुणाचा हे ठरत नाही. कुंपणाबाहेर दोन-तीन निरीक्षण विंधनं, म्हणजे पाण्याची पातळी बघायची भोकं, मागा आणि तुमच्या इमारतीच्या कोपऱ्यांवर पातळीच्या खुणा. खोदाई चालू असताना दर आठवड्याला त्या मोजायच्या.

कोपऱ्यातला

एवढं सगळं विद्यापीठ लिहून देणार? झोपेत?

ओळंबा

देतं. तीन वर्षं उशीर झाला तर त्यांचा तोटा तुमच्यापेक्षा मोठा असतो, हे त्यांच्या इस्टेट विभागाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. फक्त मागणी मोजता येईल अशी करा. "त्रास होऊ नये" असं लिहिलं की तुमचा अर्ज फाइलला लागलाच म्हणून समजा.

पाचवा मजला

आवाजाबद्दल माझे दोन पैसे, पाचव्या मजल्यावरून.

उंच पत्र्याचं कुंपण लावू म्हणतील. खालच्यांना फायदा होतो. यंत्राचं टोक जेमतेम दिसत असेल तर साधारण ५ डेसिबल कमी होतात, पूर्ण झाकलं गेलं तर १०, आणि १० कमी म्हणजे कानाला जवळपास निम्मा आवाज. पण हे गणित ज्याला यंत्र दिसत नाही त्याच्यासाठी. मला पाचव्या मजल्यावरून अख्खा खड्डा दिसायचा, माझ्यासाठी ते कुंपण म्हणजे शोभा. वरच्यांसाठी आवाज उगमापाशीच झाकावा लागतो: काँक्रीट-खडक फोडणाऱ्या ब्रेकरभोवती जाड चादरींचा आडोसा, जनरेटर बंदिस्त खोलीत, काँक्रीटचा पंप आमच्या बाजूला न ठेवता पलीकडच्या. अंतर दुप्पट केलं की एका यंत्राचा आवाज ६ डेसिबलने उतरतो, तेही फुकटात! कुठलं यंत्र कुठे उभं राहणार याचा आराखडा मागा, तो असतोच.

आणि ते टीं-टीं-टीं. ट्रक मागे घेताना वाजतं ते. सरासरी डेसिबलमध्ये ते कुठे दिसतसुद्धा नाही, पण सकाळी साडेसहाला डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसतं. त्याला पर्याय आहे, एका सुराऐवजी खर्रखर्र असा फुसका आवाज करणारा भोंगा. मागे उभ्या असलेल्या कामगाराला तो नीट ऐकू येतो, दिशाही कळते, आणि दूर गेला की विरतो. साइटवरच्या गाड्यांना बसवता येतो. आम्ही दीड वर्षाने मागितला आणि पंधरवड्यात मिळाला. दीड वर्ष!

खडूवाला

मी दुसऱ्या एका विद्यापीठात शिकवतो, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या प्रयोगशाळेत पावसाचं पाणी उपकरणांवर गळतं. इमारत हवीच आहे, ती काही कुणाच्या चैनीसाठी होत नसते.

पण एक आतली गोष्ट सांगतो, जी बैठकीत कुणी सांगणार नाही. विद्यापीठाचं वेळापत्रक साइटवर राज्य करतं. परीक्षा चालू असताना आवाजाचं काम बंद ठेवायला आम्हीच लावतो. मग तुंबलेलं सगळं तोडफोडीचं काम सुट्टीत ढकललं जातं, आणि नेमकी तेव्हाच तुमची मुलं घरी असतात. आमच्यासाठी "शांततेचे दिवस" ठरतात, तुमच्यासाठी कुणी ठरवत नाही. त्याच तक्त्यात तुमचा रकाना घालून मागा. शिवाय निधी एखाद्या वर्षातच खर्चायचा असतो, त्यामुळे शेवटच्या तिमाहीत अचानक घाई होते. तेव्हाच्या जादा वेळेच्या परवानग्यांवर डोळा ठेवा.

गणितवेडा

दोन तळघरं म्हटल्यावर राहवलं नाही. मापं माझ्या मनाची, धागाकर्तीने खरी घालून बघावीत.

खड्डा ६० मीटर लांब, ४० रुंद, ८ खोल: १९,२०० घनमीटर. माती उकरली की फुगते, पाव भाग धरू, झाले २४,०००. एका ट्रकमध्ये १२ घनमीटर, म्हणजे २,००० खेपा. प्रत्येक ट्रक येतो आणि जातो, तुमच्या खिडकीखालून ४,००० वेळा. १०० कामाचे दिवस, रोज १० तास धरले तर दर पंधरा मिनिटांनी एक. ही फक्त माती. सळई, विटा, काचा, कामगारांच्या गाड्या वेगळ्याच.

मुद्दा घाबरवण्याचा नाही. विद्यापीठाला दुसऱ्या बाजूने मोठ्या रस्त्यावर उघडणारं फाटक आहे का? असेल तर हा पूर्ण आकडा तुमच्या गल्लीतून उचलून तिकडे टाकता येतो. त्यांना आपल्या आवारातून शंभर मीटरचा तात्पुरता रस्ता करावा लागेल आणि ते म्हणतील की विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. तुमच्या गल्लीतही मुलं चालतात, हे तेव्हा सांगायचं.

गच्चीवरची

आहे! उत्तरेला मोठं फाटक आहे आणि ते कायम बंद असतं. गणितवेडा, तुमच्या प्रतिसादाचा कागद करून घेऊन जाते.

रात्रपाळी

तुमच्या शेजारच्या मुलीसारखीच मी. "रात्री काम नाही" असं वचन मिळालं की सगळे टाळ्या वाजवतात. आमचं काय? दिवसभर ब्रेकर. माझ्यासाठी उपाय एकच निघाला: सगळ्यात कर्कश काम कुठल्या दोन तासांत होणार हे आदल्या आठवड्यात कळायचं, आणि ते तास ठरलेले असायचे. दोन तास काम, मग दोन तास विश्रांती. मी झोप त्यात बसवली. कमी आवाजापेक्षा ठरलेला आवाज परवडतो, निदान मला.

ओळंबा

आणि "रात्री काम नाही" हे वचन खोटंच असतं, देणाऱ्याला माहीत नसलं तरी. तळघराचा राफ्ट, म्हणजे तळाची सलग जाड काँक्रीटची लादी, समजा ९०० घनमीटरचा आहे. एका मिक्सरमध्ये ६ घनमीटर, १५० गाड्या, तासाला ८ रिकाम्या झाल्या तर १९ तास. मध्ये थांबलं तर जोड कच्चा राहतो आणि जन्मभर पाणी गळतं. पहाटे सुरू करून मध्यरात्र होणारच. वरचा पृष्ठभाग घोटायचं यंत्र काँक्रीट घट्ट होऊ लागल्यावरच फिरवतात, ते अजून उशिरा.

म्हणून "शक्यतो नाही" घेऊ नका. विचारा: अशा किती रात्री? समजा बारा. तर बारा लिहून घ्या, तारीख आठ दिवस आधी कळवायची, तेराव्या रात्रीला दंड. जास्त लागल्या तर त्यांनी तुमच्याकडे येऊन मागाव्यात. ज्याला मोजून बारा रात्री मिळतात, तो त्या जपून वापरतो.

धूळभेट

धुळीचं कुणी बोलतच नाहीये, माझ्या नावाला तरी जागा.

डोळ्याला दिसते ती धूळ खिडकीवर बसते, फडक्याने पुसता येते. दम्याला लागते ती न दिसणारी, १० मायक्रॉनखालची, आणि त्याहून २.५ खालची. काँक्रीट आणि दगड सुके कापले की स्फटिकी सिलिका उडते, तिला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ पासून माणसात कर्करोग करणारा पदार्थ म्हणून पहिल्या गटात ठेवलंय. डिझेलच्या धुराला २०१२ पासून. खरा धोका साइटवरच्या कामगाराला, तो दिवसभर त्यातच उभा असतो. त्यामुळे पाणी मारत कापा ही मागणी त्याच्याही भल्याची आहे, ती मागायला संकोच कसला.

बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुवायची सोय फाटकाशी हवी. रस्ता झाडताना आधी ओला करायचा, सुका झाडू म्हणजे धूळ परत हवेत. माती-खडीचे ढीग झाकायचे आणि वारा सुटला की माती-खडी ओतणं बंद. आणि धूळमापक काम सुरू होण्याच्या आधी महिनाभर लावून घ्या! जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस २.५ मायक्रॉनच्या कणांसाठी चोवीस तासांत सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर अशी आहे, ती बऱ्याच शहरांत बांधकाम नसतानाही ओलांडली जाते. आधीचा आकडा नसेल तर "ही रस्त्याचीच धूळ" असं उत्तर ठरलेलं.

सासूबाईंची खोली मागच्या बाजूला हलवता आली तर बघा. हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलंत तर जाळी बारीक कण अडवणारी हवी, आणि खोलीच्या आकाराला पुरेसं. औषधांचं त्यांच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, त्रास सुरू झाल्यावर नको.

कोपऱ्यातला

टेंडर, शर्ती, मापकं... कोर्टात जा की सरळ. स्थगिती आणली की ताळ्यावर येतात.

दूरदेशी

कोपऱ्यातला, मी तुमच्याच बाजूचा होतो, पण बर्कलेची गोष्ट बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाला तिथे पीपल्स पार्कच्या जागेवर विद्यार्थ्यांसाठी घरं बांधायची होती. रहिवासी गट न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केलं की विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचाही पर्यावरण अहवालात विचार व्हायला हवा होता. केवढा विजय! त्याच वर्षी विधिमंडळाने कायदाच बदलला: घरात राहायला येणाऱ्या माणसांचा आवाज हा पर्यावरणावरचा परिणाम धरायचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्या जागेभोवती मालवाहू कंटेनर रचून भिंत उभी राहिली आणि जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. त्याच गावाच्या नगरपालिकेने मात्र २०२१ मध्ये विद्यापीठाशी वाटाघाटी करून १६ वर्षांत मिळून ८ कोटी २६ लाख डॉलर देण्याचा करार केला होता.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाचा मॅनहॅटनव्हिलमधला विस्तार, सुमारे १७ एकर. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेची मंजुरी आणि २००९ मध्ये परिसरासाठी १५ कोटी डॉलरचा लाभकरार. त्या कराराने सगळे खूश झाले असं मुळीच नाही, जागा सक्तीने घेण्यावरून पुढेही खटले चालले. पण करार कागदावर होता, म्हणून नंतर त्यावर बोट ठेवता आलं.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण कायद्याच्या कलम ६१ खाली ठेकेदार काम सुरू करण्याआधीच स्थानिक प्रशासनाकडून आवाजाची पद्धत आणि वेळा मंजूर करून घेऊ शकतो. ओळंबा म्हणतात तेच, फक्त कायद्याच्या भाषेत. तुमच्या गावात असं काही कलम आहे का ते बघा. नसलं तर करारात आणा.

कोपऱ्यातला

बरं. पण कोर्टाची भीती असल्याशिवाय कुणी टेबलावर येत नाही, हे माझं मत कायम.

दूरदेशी

त्यात वाद नाही. काठी हातात असू द्या, फक्त पहिल्याच दिवशी मोडू नका.

तडा

आणखी एक, तक्रारीची नोंद. आमच्या गल्लीत व्हॉट्सॅपवर रोज शंभर संदेश पडायचे: "असह्य!!", "कुणी आहे का?", रागावलेली तोंडं. सहा महिन्यांनी विद्यापीठाला दाखवायला आमच्याकडे काय होतं? रागावलेली तोंडं. मग एका आजोबांनी वही घातली. तारीख, वेळ, कुठे, काय, किती वेळ, कुणाला फोन केला, काय उत्तर आलं. दीड महिन्यात त्या वहीतून दिसलं की सकाळी सातच्या आधीचा सगळा आवाज मंगळवारी आणि शुक्रवारीच होतो. सळईची गाडी! पुरवठादाराची वेळ बदलली आणि प्रश्न मिटला. रोज ओरडून जे दिसलं नाही ते वहीने दाखवलं.

गच्चीवरची

(दोन महिन्यांनंतर) धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

आम्ही अठरा घरांनी मिळून दीड पानाचं पत्र दिलं. एवढंच, कारण ओळंबांनी व्यक्तिगत निरोपात बजावलं होतं की तीन पानांच्या पुढे कुणी वाचत नाही. अकरा मागण्या होत्या, त्यातल्या सात टेंडरमध्ये गेल्या. ठोकून पायलिंग नाही. उत्तरेचं फाटक मातीच्या ट्रकसाठी. पूर्वपाहणी, कुंपणापासून ५० मीटरपर्यंत. कंपनमापक आमच्या बाजूला दोन. चाकं धुण्याची जागा. रात्रीचं काम चौदा वेळा, आधी कळवून. आणि साइटवर चोवीस तास उचलला जाणारा एक फोन, ज्यावर बोलणाऱ्याला यंत्र थांबवायचा अधिकार असेल.

उपशासाठी निरीक्षण विंधनं नाकारली, "गरज नाही" म्हणाले. त्यावर अजून वाद चालू आहे. शांततेचे तास "प्रयत्न करू" या भाषेत गेले, म्हणजे गेले नाहीत. दंडाची बाब त्यांनी सौम्य केली.

परवा पाहणी झाली. सासूबाईंनी त्या अभियंत्याला घरातले सगळे जुने तडे स्वतः फिरून दाखवले, प्रत्येकाचं साल सांगत. तो बिचारा लिहून दमला.

ओळंबा

अकरात सात म्हणजे उत्तम. विंधनं सोडू नका. जमिनीचा तपासणी अहवाल मागा, त्यात पाण्याची पातळी आणि मातीचे थर असतात. चिकणमाती निघाली तर "गरज नाही" हे उत्तर टिकत नाही.

पाचवा मजला

इमारत पूर्ण झाल्यावरचं काही मागितलंत का? प्रयोगशाळा आहे, म्हणजे छतावर इमारत थंड ठेवणारे चिलर आणि विषारी वाफा बाहेर फेकणारे पंखे चोवीस तास. बांधकाम तीन वर्षांत संपतं, ती घरघर संपत नाही. आमच्याकडे सगळे ब्रेकरशी लढत राहिले आणि छताचा आराखडा कुणी उघडलाच नाही. आता रात्री अकरालाही एक जाड हुंकार भिंतीतून येतो. खिडकी लावली तरी येतो, कमी वारंवारतेचा आवाज काचेला जुमानत नाही.

गच्चीवरची

नाही मागितलं! डोक्यातच आलं नाही. पंखे कुठल्या बाजूला आहेत हे आत्ता कळेल का?

ओळंबा

कळेल. यांत्रिकी आराखडा मागा, त्यात "छत योजना" नावाचा एक कागद असतो. पंख्यांची तोंडं, चिलरची जागा आणि आवाजाचे आकडे बघा. जनरेटरची चाचणी कधी घेणार तेही विचारा, ती रविवारी सकाळी घ्यायची फार खोड असते. पंखे अजून विकत घेतलेले नाहीत, तोवर कागदावर सरकवता येतात. सोमवारी जा.

गच्चीवरची

सोमवारी सकाळी जातेय. सासूबाई पण येते म्हणाल्यात.